गॅलनला वीस मैलांची हमी

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. 'गाडी कशी निवडावी, तिची निगा कशी राखावी, म्हणजे पेट्रोल कमी लागेल, यावर अनुभवाचे चार शब्द लिहा.' चार शब्दांतच सांगायचं तर: गाडी घरीच उभी ठेवा. याहून कमी पेट्रोलात भागवणारी गाडी मी माझ्या सबंध धंद्यात पाहिलेली नाही. पण संपादकांना पानं भरायची असतात आणि मला आता दुपारी झोप येत नाही, म्हणून पुढचं लिहितो.

माझं गॅरेज भोरला, बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये होतं. संस्थानचे दिवस. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि मोटारीतले जाणकार मात्र घरटी दोन. गाडीचं तोंड उघडलं की पाच-सात जण आपसूक जमायचे आणि ज्यांनी आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलं नाही, ते मला व्हॉल्व्ह कसे घासावेत ते सांगायचे. मी मान डोलवायचो. गिऱ्हाइकाचा मेहुणा त्यांत असू शकतो, हे मी फार लवकर शिकलो.

गाडी निवडायला लोक माझ्याकडे येत, म्हणजे आधी ठरवून मग येत. आमच्या एका वकीलसाहेबांचंच सांगतो. येऊन बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, गाडी मोठी पाहिजे. सहा सिलिंडरची. शेजाऱ्यांची आहे तशी."

"बरं."

"आणि पेट्रोल कमी पाहिजे. गॅलनला किती देते ते आधी विचारून घ्या."

म्हैस घेताना दूध विचारावं, तसा हा प्रश्न. मी म्हणालो, "साहेब, सहा तोंडांना चार तोंडांपेक्षा जास्त लागणारच. छोटी चार सिलिंडरची घ्या." त्यावर ते असं हसले की मी जणू त्यांना खेचरावर बसायला सांगितलं. सहा सिलिंडरची आली. मग ती फार पिते म्हणून पुण्यातल्या कुणा हितचिंतकानं सुचवलं, आणि वकीलसाहेबांनी टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या, ट्रंकेत कपड्यांसाठी टाकतात त्याच. नळीत त्यांचा लगदा बसून गाडी ऐन चौकात बंद पडली. गाडीला कसर लागली नाही, एवढं मात्र खरं. पुढं त्यांना कळलं की चाकांत हवा कमी ठेवली की दगडी रस्त्यावर बूड शेकत नाही. मऊ चाक रस्त्याला चिकटून चालतं आणि इंजिनाला ते फरपटत न्यावं लागतं, हे मी तीनदा सांगितलं. शिवाय नसरापूरला जायचं म्हटलं की आळीतली नऊ माणसं गाडीत. नको म्हणायची भोरला रीत नव्हती. वर्षाअखेर वकीलसाहेबांनी निकाल दिला की मिस्त्रीला काही येत नाही.

न कळणाऱ्यांसाठी माझा धंदा दोन ओळींत सांगतो. इंजिन नुसतं पेट्रोल पीत नाही, पेट्रोल मिसळलेली हवा पितं. मिसळण्याचं काम कार्ब्युरेटर करतो. त्यातलं बारीक भोक, ज्याला आम्ही जेट म्हणतो, ते मोठं झालं किंवा हवेच्या वाटेवर धूळ बसली की पेट्रोल जास्त जातं. ब्रेक चाकाला घासत राहिले, प्लग काळे पडले, चाकं मऊ झाली, वजन वाढलं, तरी जास्त जातं. आणि हे सगळं नीट असूनही जातं, तेव्हा चालवणाऱ्याचा पाय तपासायचा. हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं, आणि ते पान्यानं सुटत नाही. म्हणून मिस्त्री लोक ते सगळ्यांत शेवटी पाहतात. मीही तेच केलं, आणि त्याचीच ही गोष्ट.

आपटे डॉक्टरांची गाडी मी स्वतः निवडली होती. चार सिलिंडरची, जुनी, विलायती, उंच चाकांची. दिसायला पेटाऱ्यासारखी, पण काटक. "गॅलनला वीस मैल देईल, माझी हमी," असं मी त्यांना चारचौघांत सांगितलं होतं. हे चारचौघांत सांगणं पुढं फार महागात पडलं.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. दर बुधवारी ते वेल्ह्याला जात. तिथं एका घराच्या पडवीत त्यांचा दवाखाना भरे. भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूरच्या फाट्याला वळून मार्गासनी, विंझर करत वेल्हं. जाऊन येऊन साठ मैल, आणि रस्ता म्हणजे खडी, चढ आणि ओढे यांचा आलटून पालटून मार. त्या सगळ्या पट्ट्यात दुसरा डॉक्टर नव्हता. बुधवार चुकला की माणसं पुढच्या बुधवारपर्यंत ताप अंगावर काढायची.

लढाई आली आणि पेट्रोल कूपनावर गेलं. डॉक्टरांच्या वाट्याला वेल्ह्याच्या फेरीसाठी महिन्याला बारा गॅलन येऊ लागलं. चार बुधवारांचे दोनशे चाळीस मैल, म्हणजे गाडीनं गॅलनला वीस दिले तर चारही बुधवार व्हायचे. माझी हमी वीसचीच होती. गाडी देत होती बारा. दोन फेऱ्या झाल्या की टाकीत पुढच्या फेरीच्या अर्ध्या वाटेपुरतंही उरायचं नाही, आणि दोन बुधवार वेल्हं कोरडं.

"मिस्त्री, वीस म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाले. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी इंजिन खोललं. प्लग घासले, व्हॉल्व्ह बसवले, जेट बदलला. भाटघरच्या रस्त्यावर स्वतः चालवून पाहिली, वीसला उतरली. बुधवारी वेल्ह्याला गेली, बारा. पुन्हा खोललं. ब्रेक ढिले केले, चाकांत हवा भरली. भाटघर वीस, वेल्हं बारा. तिसऱ्यांदा खोललं, तेव्हा शेडसमोरच्या जाणकारांनी मला सल्ला देणं बंद केलं. ते आता नुसते सहानुभूतीनं बघायचे.

माझ्या हातात दोष नाही हे मला पक्कं माहीत होतं. हातात दोष नसणारा माणूस मग दुसऱ्याच्या हाताकडे बघतो. गाडी चालवायचे गेनबा, वरवे गावचे. वय डॉक्टरांएवढंच. मोटार येण्याआधी डॉक्टर वेल्ह्याला दमणीनं, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीनं जायचे, आणि ती दमणी गेनबाच हाकायचे. बैल गेले, मोटार आली, गेनबा तेच राहिले. त्या दिवसांत पेट्रोल चोरून विकणाऱ्यांच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. मी डॉक्टरांना म्हणालो, "गाडी पीत नाही साहेब. कुणीतरी काढतंय."

"गेनबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी नाव घेत नाही," असं मी म्हणालो. नाव न घेता नाव घेण्याची ही कला माझ्याकडे तेव्हा चांगली होती.

मग मी एक शक्कल लढवली, आणि आजही ती आठवली की स्वतःला वाकून नमस्कार करावासा वाटतो. कचेरीत लखोट्यावर मोहोर लावतात ना, तशी मी पेट्रोलच्या टाकीला लावली. झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी, आणि सुतळीच्या गाठीवर लाख. लाख गाडीपासून वीस पावलांवर वितळवली, एवढी अक्कल शिल्लक होती. मंगळवारी मोजून पेट्रोल भरायचं, मोहोर करायची, गुरुवारी फोडायची आणि उरलेलं मोजायचं. सगळा बाजार बघायला उभा. गेनबाही उभे होते. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलेलं. त्यांनी विचारलं, "ही म्होर कशापायी, मिस्त्री?"

"पेट्रोल उडून जातं, गेनबा. म्हणून."

"असं व्हय," म्हणाले, आणि मुंडासं बांधून घरी गेले. त्यांना कळलं नसेल असं मी समजलो. बाजारातल्या शेंबड्या पोरांना कळलं होतं.

गुरुवारी मोहोर जशीच्या तशी, आणि गाडीनं दिलेले मैल बारा. चोरी होत नव्हती. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. गेनबांची माफी मागणं माझ्या मनातही आलं नाही, कारण मी तर नाव घेतलंच नव्हतं.

आता उरला चालवणाऱ्याचा पाय. पुढच्या बुधवारी मी वही-पेन्सिल घेऊन गेनबांच्या शेजारी बसलो. डॉक्टर मागं बसले आणि कापूरहोळ यायच्या आत झोपले. ते नेहमीच झोपायचे. सपाटीला गेनबा इतकी सुरेख गाडी चालवत होते की मला दोष सापडेना. मग पहिला चढ लागला. अर्ध्या चढावर एक आंब्याचं झाड होतं. गेनबांनी झाडाखाली गाडी उभी केली, खाली उतरले, गाडी मागं घसरू नये म्हणून मागच्या चाकाला दगडाची उटी लावली, परत येऊन बसले, आणि इंजिन बंद न करता, ॲक्सिलरेटरवर पाय हलका दाबून, तंबाखू मळायला घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. दम खाऊ द्या."

"कुणाला?"

"गाडीला. चढ लई हाय."

मी वहीत वेळ लिहिली. पाव तास. मी विचारलं, "मग इंजिन बंद तरी करा. नुसतं चालू ठेवून पेट्रोल जातंय."

गेनबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वकीलसाहेबांकडे बघायचो. "मिस्त्री, बैल दम खायला थांबला म्हून त्येचा श्वास बंद करत्यात व्हय?"

जाताना असे सहा थांबे, येताना सहा. जाताना चढ म्हणून, येताना सवय म्हणून, सगळे सावलीला, सगळे दमणीच्या काळापासूनचे. दर वेळी इंजिन चालू, पाय दाबलेला, आणि चढ असेल तर निघताना अर्ध्यावरून पहिल्या गिअरमध्ये रडत ओरडत सुरुवात. साठ मैलांत तीन तास गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पीत होती. माझी हमी खरी ठरली होती. मी मनातल्या मनात बँडबाजा लावला.

आणखी एक गोष्ट दिसली. दर थांब्यावर माणसं उभी असायची. बाया जास्त. प्रत्येकीच्या हातात रिकामी बाटली. त्या काळी औषधाला बाटली घरूनच न्यावी लागायची. पालीकडची पायवाट रस्त्याला मिळते तिथं तर आठ-दहा जणी होत्या. गाडी दमायला तिथं थांबते हे सगळ्या पट्ट्याला ठाऊक होतं. बाई बाटली द्यायची आणि सांगायची, "सासूचा खोकला तसाच हाय. रातच्याला बसून ऱ्हाती." गेनबा ऐकायचे, बाटली पायाशी खोक्यात ठेवायचे. वाचता येत नव्हतं, पण कुणाच्या बाटलीला दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडाचं बूच, कुणाच्या गळ्याला लाल चिंधी, कुणाच्या निळा दोरा. वेल्ह्याला डॉक्टरांसमोर खोकं ठेवून ते एकेक बाटली उचलून सांगायचे, डॉक्टर दोन प्रश्न विचारायचे आणि मोठ्या बरणीतून औषध भरून द्यायचे. परतीच्या वाटेला तेच थांबे, तीच माणसं, भरलेल्या बाटल्या. एकाही बाईची बाटली चुकली नाही. मी वहीत लिहिलं: 'बाटल्यांचं खोकं, जादा वजन.'

गुरुवारी मी डॉक्टरांना हिशेब दाखवला. थांबे बंद, खोकं बंद, आणि चढावर दम न खाणारा ड्रायव्हर, एवढं केलं तर वीस. वीस म्हणजे चार बुधवार. डॉक्टरांनी वही वाचली. म्हणाले, "त्या बाटल्यांचं काय?"

"साहेब, दोनाऐवजी चार वेळा जाल. माणसं येतील चालत वेल्ह्याला."

डॉक्टरांना ते पटलं. मलाही पटलं होतं. कागदावर ते कुणालाही पटेल. गेनबांना त्यांनी बोलावून सांगितलं, "गेनबा, तुला काढत नाही. बागेचं बघ, पगार तोच." गेनबा म्हणाले, "बाग करायला माळी हाय, साहेब." आणि वरव्याला निघून गेले. मी पुण्याहून एक तरुण ड्रायव्हर आणला. तो चढावर थांबत नसे, उतारावर गाडी हळू सोडत असे आणि हॉर्न उगाच वाजवत नसे. पहिल्याच बुधवारी गाडीनं गॅलनला एकवीस दिले. मी हे शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवलं.

दोन महिने चारही बुधवार झाले. मग एकदा डॉक्टर गॅरेजवर आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मिस्त्री, मी आता दुप्पट वेळा जातो आणि निम्मी माणसं बघतो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. वेल्ह्यातली माणसं येत होती. वाटेवरची येत नव्हती. बसून खोकणाऱ्या सासूला घेऊन दहा मैल चालत कोण येणार, आणि तिला घरी टाकून कोण येणार? पहिले काही बुधवार बाया बाटल्या घेऊन झाडाखाली उभ्या राहिल्या. नवा ड्रायव्हर शिकवल्याप्रमाणे थांबला नाही. डॉक्टर झोपलेले. मग बायांनी उभं राहणं सोडलं.

गाडी चढ संपल्यावर माथ्यावर थांबवायची, इंजिन बंद करायचं, बाटल्या घ्यायच्या आणि निघताना उतारावर नुसती सोडून द्यायची, म्हणजे पेट्रोलही वाचतं आणि बाटल्याही येतात, हे मला त्या क्षणी सुचलं. दोन महिने उशिरा. मिस्त्री होतो ना मी, इंजिन बंद करण्यापेक्षा माणूस बंद करणं मला सोपं वाटलं होतं.

पुढच्या बुधवारी मी डॉक्टरांबरोबर निघालो. विचार असा की वाटेत थांबून माणसांना सांगू, आणि येताना वरव्याला जाऊन गेनबांना परत आणू. जाताना सगळे थांबे मोकळे. वेल्ह्याला पोचलो तर पडवीसमोर एक बैलगाडी सोडलेली, बैल कडबा खात होते, आणि पायरीवर बाटल्यांचं खोकं घेऊन गेनबा बसले होते. मंगळवारी सकाळीच वरव्याहून निघाले होते. वाटेतल्या बाटल्या गोळा करत रात्री वेल्ह्याला मुक्काम, आता औषध घेऊन परत. चाळीसेक बाटल्या असतील.

डॉक्टर गाडीतून उतरले. आत गेले, कोट काढला, आणि दुसऱ्या कुणाला घ्यायच्या आधी खोकं पुढं ओढलं. गेनबा एकेक बाटली उचलून सांगू लागले. लाल चिंधी, विंझर, बाळंतीण, ताप उतरलाय पन जेवन जात न्हाई. निळा दोरा, पालीची म्हातारी. हे तासभर चाललं. शेवटची बाटली भरून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "गेनबा, गाडीवर परत ये. तू म्हणशील तिथं थांबू. पेट्रोलचं माझं मी बघतो."

"न्हाई, साहेब."

"का रे?"

गेनबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "टाकीला म्होर लावली तवाच गाडी सोडनार हुतो म्या. बारा वर्सं तुमच्या घरची किल्ली माज्या कमरंला हुती. त्या दिशी भर बाजारात चोर ठरलो. पन बाटल्या हुत्या, म्हून ऱ्हायलो. आता बाटल्या बैलगाडीनं बी येत्यात."

पडवीत माणसं बसली होती. सगळ्यांनी ऐकलं. एवढ्या माणसांसमोर मी हमी दिली होती, एवढ्या माणसांसमोर मोहोर लावली होती, तेव्हा आताही एवढ्याच माणसांसमोर बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "गेनबा, चुकलं माझं."

अशा वेळी समोरचा माणूस 'असू द्या' म्हणतो. तशी आपल्याकडची पद्धत आहे, आणि मी ती धरूनच बोललो होतो.

"व्हय, चुकलं," गेनबा म्हणाले, आणि बैल जुंपायला गेले.

पडवीतली मोजकी माणसं आटोपून आम्ही निघालो, तेव्हा मैलभरावर गेनबांची गाडी पुढं चाललेली दिसली. ड्रायव्हरनं हॉर्नकडे हात नेला. डॉक्टर मागून म्हणाले, "वाजवू नकोस. मागं राहा." त्या दिवशी ते झोपले नाहीत. बैल चालतील तसे आम्ही पहिल्या गिअरमध्ये मागं. पालीच्या वाटेशी बैल थांबले, आम्ही थांबलो. बायका येऊन आपापल्या बाटल्या घेऊन गेल्या. डॉक्टर दोनदा खाली उतरले, एका लेकराच्या पोटाला हात लावून पाहिला. विंझरला पुन्हा थांबलो. इंजिन बंद करावं का, म्हणून ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला ते सांगायचं धैर्य झालं नाही. गेनबांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. संध्याकाळी नसरापूरच्या फाट्याला त्यांची गाडी वरव्याकडे वळली, तेव्हा कुठं आम्ही दुसरा गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी टाकी मोजली. गाडीनं गॅलनला नऊ मैल दिले होते.